जुना लॅपटॉप, एक दांडी नेटवर्क आणि अर्धवट राहिलेली कामं

भाऊ, तुझा प्रश्न सावकाश वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भाऊ दारव्हा तालुक्यातल्या एका गावचा, बीएस्सी झालेला, घरी वावर आहे, वडलांना हातभार लावतो. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, गावात नेटवर्क एक दांडी. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा सुरू केली, मध्येच सुटली. आर्डुइनो ऊनो, म्हणजे प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा बोर्ड, मागवला, एलईडी लुकलुकवला आणि डब्यात ठेवून दिला. दुर्बीण घ्यायची म्हणून व्हिडिओ पाहून झाले. गाडी काढून भटकायचा नाद आहेच. घरचे म्हणतात हे सगळे रिकामे धंदे, एक काहीतरी धर. आणि भाऊ विचारतो की छंद, फिरणं सगळं बंद करून, कर्ज काढून पुण्याला सहा महिन्यांचा क्लास लावू का.

मी आर्वी तालुक्यात पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग करतो, स्टार्टर आणि पॅनल दुरुस्त करतो, आणि त्याच टेबलावर मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे अशा प्रोग्राम टाकायच्या चिपची, कामंही करतो. आजूबाजूच्या गावची पोट्टे शिकायला येऊन बसतात, काही टिकतात, काही जातात. मी जे सांगतोय ते या टेबलावरून दिसलेलं आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखती कशा होतात ते मला विचारू नको, ते तिथं काम करणाऱ्यालाच विचारायचं.

तुझ्या प्रश्नात तू तीनदा लिहिलं की माझं लक्ष लागत नाही. मला तसं वाटत नाही. ज्याचं लक्ष लागत नाही तो आर्डुइनो मागवतच नाही. तू जे जे सुरू केलं ते जरा आठवून पाहा, त्यातल्या एकाही कामाची गावात कोणी वाट पाहत नव्हतं. एलईडी लुकलुकला काय आणि नाही लुकलुकला काय, कोणाचं अडत नव्हतं, मग दुसऱ्या दिवशी तो डबा उघडायचा काहून? माझ्याकडं टिकलेल्या पोरांकडं पाहतो तर सगळ्यांच्यात एकच गोष्ट दिसते, त्यांचं पहिलं पूर्ण झालेलं काम दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेलं आणि तो माणूस परत येऊन म्हणाला की हे बिघडलं, नीट करून दे. तिथून खरं शिकणं चालू होतं. म्हणून माझं म्हणणं असं की शिकणं एका बाजूला, फिरणं दुसऱ्या आणि छंद तिसऱ्या असं करूच नको. गावातला एक अडलेला प्रश्न घे आणि हे तिन्ही त्याच्यात घाल.

आता परिस्थितीवर काय काय आहे तेही सांगून टाकतो. घरावर आधीच पीककर्ज थकलेलं असेल तर क्लाससाठी आणखी कर्ज नको, याच्यात मला दुमतच नाही. ओलिताचं वावर असेल, घर सांभाळायला दुसरा भाऊ असेल, तर विचार वेगळा. सोयाबीन काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तुला वेळ मिळणार नाही, तो धरूच नको, मोकळे दिवस कोणते ते तुलाच माहीत. आणि घरात खरंच अभ्यासाला बसूच देत नसतील, दर अर्ध्या तासाला कोणी हाक मारत असेल, तर बाहेर पडण्यात काही चूक नाही, मग ते पुणं असो की यवतमाळातली एखादी खोली असो.

आता मी पोरांना पहिलं काम कोणतं देतो ते नीट सांगतो, म्हणजे वरचं बोलणं हवेत राहणार नाही. शेतीच्या फीडरला, म्हणजे वावरांना वीज देणाऱ्या तारेला, लाईन पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि वेळापत्रकावर येईलच असं नाही. मग ओलिताच्या दिवसांत बाप रात्री उठून पोराला सांगतो, "लाईन आली काय रे बाप्पा, पाहून ये जराक." थंडीत, अंधारात, रोही-डुकरांच्या वाटेवरून, काही गावांत तर वाघ-बिबट्याच्या भीतीत, माणूस दीड-दोन किलोमीटर जातो आणि लाईन नसली की परत येतो. याच्यावर बाजारात फोनवरून मोटर चालू करणारे मोबाईल स्टार्टर मिळतात, चांगले आहेत, ज्याला परवडतो त्यानं घ्यावा. पण शिकायला याच्यासारखं काम नाही: मोटरला लागणारे तीन फेस, म्हणजे विजेच्या तिन्ही तारा, चालू झाले की घरच्या फोनला मिस कॉल देणारा एक डबा बनवायचा. बस एवढंच. मोटर चालू करायची नाही, फक्त खबर द्यायची.

पोट्टे पहिल्यांदा म्हणतात सोपं आहे, मोबाईलचा एक चार्जर लावू, चार्जरमधून ५ व्होल्ट आले म्हणजे लाईन आली. कल्पना चांगली आहे, कारण २३० व्होल्टला हात न लावता काम होतं. पण एक चार्जर एकच फेस पाहतो. आपल्याकडं कितीतरी फीडरवर थ्री फेस बंद असताना वावरातल्या दिव्यापुरता सिंगल फेस चालू ठेवतात, त्या वेळी तुझा डबा खोटा कॉल करेल, माणूस रात्री जाईल आणि तुझ्या नावानं खडे फोडत येईल. म्हणून तीन चार्जर, प्रत्येक फेसला एक, आणि तिन्हीकडून ५ व्होल्ट आले तरच कॉल.

तेवढ्यानं भागतं का? नाही. मोबाईलचा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालायला बनवलेला असतो, म्हणजे डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड येऊन व्होल्टेज दीडशेवर उतरलं तरी तो आपला इमानदारीनं ५ व्होल्ट देतच राहतो, आणि त्या व्होल्टेजवर मोटर चालवली की ती जळून माझ्या दुकानात येते. दुसरी गोष्ट, मोटर चालू असताना एक फेस गेला तर फिरती मोटर त्या मेलेल्या फेसवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, म्हणून चार्जर म्हणतो सगळं ठीक आहे आणि तिकडं वाइंडिंग तापत असतं. म्हणजे हा डबा मोटर सुरू व्हायच्या आधीची खबर देण्यापुरताच खरा, मोटरच्या रक्षणासाठी नाही, त्याला करंट वाढला की मोटर बंद करणारा स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले आणि एक फेस गेला की बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर नीट चालू पाहिजे. हे पोराला पुस्तकात वाचून आठवडाभर लक्षात राहतं, आणि शेजारच्या काकाच्या वावरात डबा लावल्यावर जन्मभर.

तुझ्याकडं ऊनो आहे हे बरं आहे, त्याच्या पिनला ५ व्होल्ट चालतात. ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड असता तर त्याला ३.३ व्होल्टच चालतात, मग १० किलोओहम आणि २० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज खाली आणावं लागलं असतं. ऊनोला पण चार्जरची तार थेट पिनवर घालू नको, मध्ये १० किलोओहमचा एक रेझिस्टर टाक, कारण ऊनो बंद आणि चार्जर चालू असं झालं की बोर्डाला पिनमधून उलटा करंट जातो. तिन्ही चार्जरची मायनस आणि बोर्डाची मायनस एकत्र जोडायची. कॉलसाठी सिम८००एल नावाचं छोटं मॉड्यूल मिळतं, ते टू-जीवर चालतं, म्हणून ज्या कंपनीचं टू-जी तुमच्या वावरात अजून चालू आहे तिचंच सिम घे, आधी जुन्या बटणाच्या फोनमध्ये ते सिम टाकून वावरात उभं राहून पाहा. या मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि टॉवर धरताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. सगळ्या पोरांचं इथंच अडतं, कॉल लागता लागता मॉड्यूल बंद पडून परत चालू होतं आणि ते प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. प्रोग्राम बरोबर असतो, ऊनोच्या पिनमधून तेवढा करंट मिळतच नाही. लिथियमच्या सेलवरून मॉड्यूलला थेट जाड तारेनं सप्लाय दे, जवळच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव. आणि ऊनोकडून मॉड्यूलकडं जाणाऱ्या तारेवर दोन रेझिस्टरचा डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज खाली आणणारी जोडी, लावायचाच, मॉड्यूलच्या पिनला ५ व्होल्ट सोसत नाहीत.

प्रोग्रामिंग तू म्हणतो मध्येच सुटलं. या डब्यात ते पुन्हा धर. लाईन येते तेव्हा सरळ येत नाही, येते-जाते-येते. पहिल्याच झटक्याला कॉल केला तर रात्रीतून दहा वेळा फोन वाजेल. म्हणून तिन्ही फेस दोन मिनिटं टिकून राहिले तरच कॉल, आणि लाईन गेली तर पुन्हा मोजणी पहिल्यापासून. हे डिले, म्हणजे 'इतका वेळ थांब' अशी आज्ञा, लावून केलं की बोर्ड दोन मिनिटं आंधळा होतो, मध्ये फेस गेला तरी त्याला कळत नाही. मग मिलिस, म्हणजे बोर्ड चालू होऊन किती मिलिसेकंद झाले ते सांगणारी आज्ञा, वापरून वेळ मोजायला शिकावं लागतं. आणि मिलिसचा काउंटर साधारण ४९ दिवस १७ तासांनी परत शून्यावर येतो, कारण तो ३२ बिटांचा आहे. आताच्या वेळेतून आधीची वेळ वजा करून फरक पाहिला तर ही अडचण येत नाही, पण 'आधीची वेळ अधिक दोन मिनिटं' अशी बेरीज करून तुलना केली तर कधीतरी डबा येडा होतो. व्हेरिएबलचा प्रकार, ओव्हरफ्लो, स्टेट या गोष्टी क्लासमध्ये पहिल्या महिन्यात फळ्यावर येतात आणि निघून जातात. एकदा वावरातला म्हातारा येऊन म्हणाला ना, "काल रातीले तुया डबा वाजलाच नाही," की त्या गोष्टी डोक्यात बसतात.

एक गोष्ट मात्र कडक सांगतो. स्टार्टरच्या पेटीतलं जोडकाम तू करायचं नाही. तीन फेसच्या दोन तारांमध्ये ४०० व्होल्टच्या वर असतात, ओल्या पायानं, काळ्या मातीत उभं राहून त्याच्याशी शिकायचं नसतं. लायसन असलेला वायरमन बोलव, फ्यूज काढून, डीपीवरून बंद करून त्याच्याकडून तीन प्लगपॉइंट काढून घे, छोटे फ्यूज टाकून. न्यूट्रल धड आहे का तेही त्यालाच तपासायला लाव, न्यूट्रल सुटलेला असेल तर एखाद्या चार्जरवर भलतंच व्होल्टेज जातं आणि तो फुटतो. तुझं काम प्लगच्या अलीकडचं, ५ व्होल्टचं. उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत लिथियम सेल ठेवायचा नाही, आपल्याकडं बाहेर ४५ असतं तेव्हा पत्र्याच्या आत काय होत असेल ते पेटीला हात लावून पाहा. डबा सावलीत, भिंतीला, हवा खेळेल असा.

आता फिरण्याचं. घरचे फिरण्याला रिकामं म्हणतात त्यात त्यांची चूक नाही, तू परत येऊन त्यांना काय दाखवतो? फोटो. मी म्हणतो फिरणं अजिबात सोडू नको, फक्त निघताना एक प्रश्न घेऊन निघ.

वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं. मी नव्या पोरांना आवर्जून तिथं पाठवतो. तिथं चरख्याचे प्रकार पाहायला मिळतात. जाण्याआधी एक माहिती वाचून जा: १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघानं चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं, आणि त्याच्या अटी काय होत्या, तर किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, बाईमाणसाला फार न थकता आठ तास चालवता आला पाहिजे, नीट देखभाल केली तर वीस वर्षं टिकला पाहिजे, आणि आठ तासांत सूत किती निघालं पाहिजे तेही ठरवून दिलेलं. काय बनवायचं त्याच्या आधी कोणासाठी, किती पैशात, किती वर्षं, हे कागदावर आलं. संग्रहालयात चरखे पाहताना या अटी डोक्यात ठेव, प्रत्येक चाकाकडं, चात्याकडं वेगळ्या नजरेनं पाहशील. परत आल्यावर तुझ्या मिस कॉलच्या डब्याच्या अटी तशाच लिही. किंमत किती, कोणाच्या वावरात, म्हाताऱ्याला एक हातानं चालू-बंद करता येईल का, पावसाळा काढेल का. माझ्या टेबलाजवळच्या भिंतीवर असे कागद चिकटवलेले असतात, पोरानं अटी लिहिल्याशिवाय मी त्याला सोल्डरिंग आयर्न हातात देत नाही.

लोणारला गेला असशीलच. नसशील तर जा, पण काठावर उभं राहून सेल्फी काढून परतू नको. बेसाल्टच्या खडकात उल्का पडून झालेलं १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर आहे. त्याचं वय आधी साधारण ५० हजार वर्षं सांगत, नंतर खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढायच्या पद्धतीनं मोजलं तर पाच लाखांच्या वर निघालं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा गावोगाव काय काय चर्चा होत्या, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया जातीच्या सूक्ष्मजीवांमुळं तो रंग. मोजण्याची पद्धत बदलली की उत्तर बदलतं, हे तंत्रज्ञान शिकणाऱ्यानं अशा ठिकाणी जाऊन समजून घ्यावं. फोनचा जीपीएस चालू ठेवून काठानं चाल, घरी येऊन त्या ट्रॅकवरून व्यास काढ आणि १.८ शी जुळतो का पाहा. भूमितीही झाली आणि पायथनची दहा ओळींची उजळणीही.

तुझ्या दारव्ह्यातून तर शकुंतला रेल्वे जात होती, दोन फूट सहा इंचाचा नॅरोगेज. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन त्या मार्गावर १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. माझ्याकडं पुलगाव-आर्वीचा तसाच मार्ग होता. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सिग्नल कसा चालायचा, पाणी कुठं भरायचे ते विचार आणि रेकॉर्ड करून ठेव, ही माणसं कायम राहणार नाहीत.

आणि फिरण्यातून गावाच्या उपयोगाचं काम काय होऊ शकतं ते सांगतो, कारण मला स्वतःला हे फार आवडतं. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून जगाचा खुला नकाशा आहे, २००४ पासून लोकच तो बनवतात. त्यात आपल्या गावाकडं पाहिलं तर डांबरी रस्ता आणि गावाचं नाव, बाकी पांढरं. पांदण रस्ते, नाल्यावरचे रपटे, विहिरी, काहीच नाही. ऑसमअँड नावाचं ॲप फोनवर घे, जिल्ह्याच्या ठिकाणी चांगलं नेट असताना महाराष्ट्राचा नकाशा डाउनलोड करून ठेव, मग वावरात नेटवर्क नसलं तरी चालतं. ट्रॅक रेकॉर्डिंग लावून गाडीनं पांदण फिर. मोकळ्या आभाळाखाली फोन पाच-सात मीटरच्या आत जागा सांगतो, सागाच्या दाट झाडीत तेवढं खरं नाही, तिथं दोन-तीनदा जाऊन सरासरी काढायची.

पण पांदणीचं काम नाजूक आहे. तलाठ्याकडच्या गाव नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो, गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात, पायमार्गाची सव्वाआठ. प्रत्यक्षात जाऊन पाहशील तर दोन्हीकडून धुरे सरकत सरकत बंडीपण जात नाही अशी अवस्था. खुल्या नकाशात जमिनीवर आज जे आहे तेच टाकायचं, कागदावर काय आहे ते नाही, आणि ज्या वाटेवरून दोन घरांत भांडण चालू आहे तिथं आधी दोघांशी बोलायचं, नाहीतर तुझा नकाशा कोणीतरी तहसीलमध्ये पुरावा म्हणून घेऊन जाईल. दुसऱ्या कंपनीच्या नकाशातून पाहून उतरवायचं पण नाही, त्याला त्या प्रकल्पात परवानगी नाही. कोणती पांदण पावसाळ्यात बंद होते ते आवर्जून टाक, काळ्या मातीत जुलैनंतर कुठं ट्रॅक्टर फसतो ते सॅटेलाईटच्या फोटोत दिसत नाही, ते गावच्या माणसालाच माहीत असतं.

याची वाट कोण पाहतं? सोयाबीन-हरभरा काढायला पंजाबकडून हार्वेस्टर येतात ना, त्यांच्या ड्रायव्हरला विचार. त्याला गावातल्या एकाही वावराची वाट माहीत नसते, मशीन रुंद असतं, रपट्यावरून जाईल का, वरून विजेची तार किती खाली लोंबते, हे विचारत तो प्रत्येक वळणावर थांबतो. माझ्याकडच्या एका पोरानं आपल्या शिवाराचा असा नकाशा करून त्यात रुंदी लिहिली, लोंबत्या तारांच्या जागा लाल ठिपक्यांनी दाखवल्या आणि प्रिंट काढून हार्वेस्टरवाल्याच्या केबिनमध्ये चिकटवली. पुढच्या हंगामात त्या ड्रायव्हरनं आधी त्या पोराला फोन केला की शेजारच्या गावचा पण आहे का. त्या पोराला मग डेटा टेबलमध्ये कसा ठेवायचा, पायथननं तो कसा वाचायचा, हे कोणी शिक म्हणून सांगावं लागलं नाही.

आकाशाचं थोडक्यात. मोठी दुर्बीण आत्ता घेऊ नको. १० बाय ५० ची द्विनेत्री घे, गुरूचे चार चंद्र त्यात दिसतात, फक्त हात धुऱ्यावरच्या खांबाला टेकवून स्थिर धरायचा. लॅपटॉपवर आकाश दाखवणारं स्टेलॅरियम टाक, ते फुकट आहे आणि एकदा टाकलं की नेट लागत नाही. आपल्या गावांचं आभाळ शहरवाल्यांना पैसे देऊन मिळत नाही. पावसाळ्याचे चार महिने सोडून दे, डिसेंबरमध्ये १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, त्या रात्री कोणी जागलीला जात असेल तर त्याच्यासोबत जा. नागपूरला गेलास तर रमण विज्ञान केंद्रातलं तारांगण पाहून ये. मेळघाटात, चिखलदऱ्याकडं रात्री अंधार अप्रतिम असतो, पण जंगलातल्या रस्त्यांवर रात्री नाके बंद होतात, मुक्कामाची सोय आणि परवानगी आधी पाहूनच निघायचं, आणि गाडीवर एकट्यानं रात्री नाही.

लॅपटॉपचं विचारलं होतंस. नवा घेऊ नको. त्यात जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाक, चार जीबीच्या लॅपटॉपला याच्याएवढा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही. वर विंडोजच्या जागी हलकं लिनक्स, म्हणजे लुबंटू किंवा मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, टाक. नेटवर्कचं म्हणशील तर ते पहाटे बरं असतं, तेव्हा पाहू नको, उतरवून घे. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत आहेत, लिनक्स, पायथन, सी असे बरेच विषय, छोटे छोटे व्हिडिओ, थांबवत थांबवत बाजूला स्वतः टाईप करत शिकायचं असंच ते बनवलेलं आहे. ज्याचं इंग्रजी कच्चं आहे त्यानं सुरुवात तिथून करावी. आर्डुइनोचं सॉफ्टवेअर आणि लायब्ररी एकदाच तालुक्याला बसून उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेव. इंग्रजीची भीती घालवायला माझा एकच उपाय आहे, एरर आली की ती वहीत जशीच्या तशी उतरवायची, खाली मराठीत ती कशानं गेली ते लिहायचं. वही अर्धी भरेपर्यंत बहुतेक एररी ओळखीच्या होतात.

आता क्लास. वरचं सगळं वाचून तुला वाटेल मी क्लासच्या विरोधात आहे, तसं नाही. पण तू ज्या क्रमानं जायचं म्हणतो तो मला पटत नाही. आधी डबा किंवा नकाशा, दोन्हीपैकी एकच, दुसऱ्या माणसाच्या हातात जाऊन एक हंगाम टिकू दे. मग तुला कळेल की तुला तारा आणि करंट आवडतात की डेटा आणि प्रोग्राम. आत्ता तुलाच ते माहीत नाही, मग सहा महिन्यांचा कोणता क्लास लावणार? तारा आवडल्या तर तालुक्याच्या आयटीआयमध्ये वायरमन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड पाहा, फी कमी, हातात सर्टिफिकेट, आणि सोलर पंप गावोगाव बसत चाललेत, त्यांचे कंट्रोलर दुरुस्त करणारी माणसं तालुक्यात शोधून सापडत नाहीत. डेटा आवडला तर पुण्याला जा, पण जाताना तो नकाशा घेऊन जा, मुलाखतीला सांगायला तुझ्याकडं खरं काहीतरी असेल. नोकरीची हमी देऊन सगळी फी आगाऊ मागतो त्या क्लासकडं जाऊ नको, मग तो कितीही मोठा असो. आधीच्या बॅचच्या चार पोरांचे नंबर मागायचे, दिले नाही तर तिथूनच परत.

आणि घरच्यांचं. वडलांना समजावत बसू नको, त्यांना कामात घे. तीन फेसचा डबा पहिल्यांदा स्वतःच्याच वावरात लाव आणि मिस कॉल त्यांच्या फोनला जाऊ दे, तुझ्या नाही. कॉल कधी आला आणि खरंच लाईन होती का, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनाच लिहायला सांग. महिनाभरानं ते कॅलेंडर पाहून प्रोग्राममधली दोन मिनिटं कमी करायची की वाढवायची ते दोघं मिळून ठरवा.

सुरुवात करणार असशील तर इतक्या गोष्टी लिहून कळव: वावरात कोणत्या कंपनीचं टू-जी येतं, मोटर किती एचपीची, स्टार्टर डीओएल (मोटर थेट चालू करणारा) आहे की स्टार-डेल्टा (दोन टप्प्यांत चालू करणारा), आणि पेटीजवळ न्यूट्रलची तार आलेली आहे का. पेटीचा फोटो टाकला तर चांगलंच, पण तो बाहेरूनच काढ, झाकण वायरमन आल्यावर उघडायचं.